डॅफोडिलचा कंद आणि मुंबईची हवा

नमस्कार मंडळी. डॅफोडिल मुंबईत फुलतं का, या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना पुढची लोकल गाठायची आहे त्यांची अडचण नको. फुलतं, पण बहुधा एकदाच. बाजारातून आणलेला कंद पहिल्या वर्षी जे फूल देतो ते तुमच्या कुंडीत घडलेलं नसतं. ते आदल्या मोसमात, थंड मुलखातल्या शेतात, कंदाच्या पोटात तयार झालेलं असतं. आपण त्याला फक्त वाट करून देतो. दुसऱ्या वर्षीचं फूल आपल्या गॅलरीत घडावं लागतं आणि तिथे मुंबईची हवा आडवी येते.

फूल ओसरल्यावर डॅफोडिलची पानं निदान सहा आठवडे हिरवी राहायला हवीत, कारण कंद भरतो तो त्या काळात. पानं वाळली की कंद झोपला असं आपल्याला वाटतं. पण आत नेमकी तेव्हाच पुढच्या वर्षाची कळी बसत असते, आणि त्यासाठी हवा 17 ते 20 अंशांच्या आसपास लागते. मग 9 अंशांखाली 12 ते 16 आठवडे थंडी. त्या थंडीशिवाय दांडा लांबत नाही. कळी आतल्या आत सुकते, नाहीतर पानांच्या बुडातच अर्धवट उमलते. आपल्याकडे जानेवारीतलं सरासरी किमान तापमानही 16-17 अंशांच्या खाली फारसं जात नाही. थंडी फ्रिजमधून देता येईल, पण फुलानंतरचा लांबलचक गार वसंत कुठून आणणार? फेब्रुवारी संपता संपता पारा 33-35 वर जातो, पानं तीन आठवड्यांत करपतात आणि मुठीएवढा कंद लसणाच्या गड्डीएवढा होतो.

याला अपवाद आहे तो डॅफोडिलच्याच टाझेटा गटाचा. एका दांड्यावर घोसानं येणारी, लहान, अतिशय सुवासिक फुलं. काश्मीरमध्ये यंबरझल म्हणतात ती नर्गिस याच गटातली, आणि पेपरव्हाइट म्हणून विकला जाणारा पांढराशुभ्र प्रकारही यातलाच. हे मूळचे भूमध्य समुद्राकाठचे. यांची कळी कडक उन्हाळ्यात, 25 अंशांच्या वर बसते आणि फुलायला थंडीची अट नसते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सिली बेटांवर ‘सोलेय दोर’ नावाचा जुना पिवळा टाझेटा पिकवतात. तिथले शेतकरी कंदांना चक्क धूर देतात, कारण धुरातल्या इथिलीन वायूमुळे कंद लवकर फुलतात. तेव्हा मुंबईकरानं हात घालावा तो या गटाला. तुतारीसारख्या मोठ्या पिवळ्या डॅफोडिलच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी जुन्या वाणांचा मोह असतोच, म्हणून त्याबद्दल थोडं. अमेरिकन डॅफोडिल सोसायटी 1940 पूर्वीच्या वाणांना ऐतिहासिक मानते. ‘व्हॅन सायन’ हा दुहेरी पाकळ्यांचा वाण 1620 च्याही आधीचा, पांढरा ‘थालिया’ 1916 चा. ‘किंग अल्फ्रेड’ला 1899 मध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं फर्स्ट क्लास सर्टिफिकेट दिलं आणि त्यानंतर तो इतका गाजला, की आज त्या नावानं विकले जाणारे बहुतेक कंद ‘डच मास्टर’ किंवा ‘कार्लटन’सारख्या दुसऱ्याच वाणांचे असतात. हे लक्षात ठेवायला हवं, कारण असा वाण बियांतून टिकत नाही. आजचा प्रत्येक अस्सल ‘थालिया’ हा त्या पहिल्या कंदाचाच तुकडा आहे. पाकिटावरचं नाव चुकलं की साखळीच तुटली. परदेशातून येताना बॅगेत चार कंद टाकून आणू नका. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार त्याला आयातीचा परवाना लागतो, आणि कंदातून विषाणू नि सूत्रकृमी येतात ही भीती खरी आहे.

आता नर्गिस लावायची कशी. कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मिळतात. घेताना अंगठ्यानं तळ दाबून बघा. तळ म्हणजे मुळं फुटतात ती चकती. ती मऊ लागली किंवा तपकिरी दिसली तर कंद परत ठेवा, कारण ती फ्युझेरियम बुरशीची तळकूज असते आणि तिच्यावर इलाज नाही. वरच्या सालीवर निळसर भुरी असेल तर मात्र घाबरू नका, ती फडक्यानं पुसून जाते. घेर 14 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर नुसती पानं येण्याची तयारी ठेवा. आणि घरी आणलेले कंद कांद्याच्या टोपलीजवळ अजिबात नकोत. दिसायला थेट कांदा, आणि आत लायकोरिन नावाचं विष. पोटात गेलं की उलट्या सुरू. फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आली तर कागदी पिशवीत, वर ठळक लिहून, आणि त्याच कप्प्यात सफरचंद किंवा पिकतं केळं नको. पिकत्या फळातून इथिलीन सुटतं आणि घडलेली कळी आतच मरते. मघाशी धुराचं सांगितलं ते शेतातल्या टाझेटाचं, कळी बसायच्या आधीचं. गल्लत करू नका.

लागवड नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, रात्री जरा गारवा जाणवू लागला की. आठ इंची कुंडीत पाच कंद, एकमेकांना न टेकता, मान मातीच्या वर. मिश्रणात लाल माती, कोकोपीट आणि भरड वाळू समान, कंपोस्ट त्याच्या निम्मं, वर मूठभर निंबोळी पेंड. वाळू खाडीची नको, तिच्यातलं मीठ मुळं जाळतं. बांधकामावरची भरड वाळू चाळून, दोनदा धुऊन चालते. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग वरची इंचभर माती कोरडी झाली की. पूर्वेची गॅलरी सर्वांत बरी, सकाळचं चार तास ऊन पुरे. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी तापलेल्या लाद्यांची धग कुंडीला लागते. तिथे कुंडी लादीवर न ठेवता लोखंडी स्टँडवर ठेवा. पेपरव्हाइट साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलतो.

आपल्याकडे हमखास होतं ते असं की दांडे दीड-दोन फूट वाढतात आणि लवंडतात. ऊब जास्त आणि ग्रिलच्या आत उजेड कमी, म्हणून. यावर कॉर्नेल विद्यापीठात तपासलेला एक उपाय आहे. कंद मातीऐवजी काचेच्या भांड्यात गोट्यांवर बसवायचे आणि पाणी कंदाच्या तळाला जेमतेम शिवेल इतकंच ठेवायचं. मुळं सुटली, कोंब दोन इंच झाला, की ते पाणी ओतून द्यायचं आणि 4 ते 6 टक्के अल्कोहोलचं पाणी घालायचं. केमिस्टकडे मिळणारं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल एक भाग आणि पाणी बारा भाग घेतलं की प्रमाण बसतं. झाडाला पाणी ओढणं थोडं जड जातं, दांडा एक तृतीयांश ते निम्म्यानं आखूड राहतो, फुलाचा आकार मात्र तोच. बिअर किंवा वाइन ओतू नका, साखरेनं मुळं सडतात. प्रमाण 10 टक्क्यांच्या वर गेलं तर झाडच बसतं.

फुलं कापून फुलदाणीत ठेवणार असाल तर दांड्यातून गळणारा चिकट रस त्याच पाण्यातल्या इतर फुलांना मारक असतो. रात्रभर वेगळ्या भांड्यात ठेवा, रस गळून गेला की मग इतरांत मिसळा, पण दांडा पुन्हा कापू नका. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी हातमोजे घालावेत. या रसानं पुरळ उठतं.

मग पुढच्या वर्षी? एप्रिलमध्ये पानं पिवळी पडली की कंद काढून, सावलीत आठवडाभर सुकवून, जाळीच्या पिशवीत टांगता येतात. उन्हाळा टाझेटाला बाधत नाही. त्याला मारतो तो आपला जुलै. 85 टक्के आर्द्रतेत कपाटात ठेवलेला कंद तळाकडून बुरसटतो. पंख्याच्या वाऱ्यावर, जमिनीपासून उंच टांगलात आणि ठेवण्याआधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दोन ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात अर्धा तास बुडवून सुकवलात, तर काही कंद वाचतील. त्यांतल्याही थोड्यांना फूल येईल. एवढा खटाटोप करायचा की दरवर्षी नवे घ्यायचे, हे तुम्ही ठरवा. मी नवे घ्या म्हणेन.

कारण जतन करण्याची हौस खरीच असेल, तर तिच्यासाठी याच कुळातली दुसरी झाडं आपल्या आसपास आहेत, आणि त्यांना मुंबई मानवते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातही तगणारा नागदवणा, पहिल्या सरीनंतर तीन-चार दिवसांत फुलणारी रेन लिली, मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिली. आणि सगळ्यांत महत्त्वाची, आपण सर्रास अमरिलिस म्हणतो ती हिप्पेस्ट्रम. जुन्या वाड्यांच्या, चाळींच्या नि बंगल्यांच्या कडेला मार्च-एप्रिलमध्ये जी शेंदरी किंवा पांढऱ्या रेघेची लाल फुलं दिसतात, ती. हिचा पहिला संकर इंग्लंडातल्या लँकेशरमधल्या प्रेस्कॉटच्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीनं 1799 मध्ये केला, लाल पाकळीवर मधोमध पांढरी रेघ असलेला. आजच्या डच संकरांची फुलं याहून थोराड असतात खरी, पण आपल्या पावसाळ्यात जुन्या वाणांइतकी ती टिकत नाहीत.

हिची दिनचर्या डॅफोडिलच्या उलटी आहे. पावसाळाभर पानं वाढवायची, दिवाळीनंतर पाणी तोडायचं, आठ-दहा आठवडे कोरडी विश्रांती, आणि फेब्रुवारीत पुन्हा पाणी. कुंडी कंदापेक्षा चारही बाजूंनी जेमतेम दोन बोटं मोठी, कंदाचा वरचा अर्धा भाग मातीबाहेर. फुल न येण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पानांची कमतरता. या झाडाच्या कंदात चार पानांमागे एक फुलदांडा बसतो. पावसाळ्यात चारच पानं आली तर पुढे एकाच दांड्याची आशा. म्हणून जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पोटॅश जास्त नि नत्र बेताचं असं पातळ खत द्या, आणि कुंडी पागोळीखाली ठेवू नका. शेंड्यात पाणी साचलं की पानावर लाल चट्टे पडतात. ती स्टॅगोनोस्पोरा बुरशी. चट्ट्याचं पान बुडापासून कापून फेका, कंपोस्टात टाकू नका.

दुसरा शत्रू लिलीची अळी. काळी, अंगावर पांढरे नि केशरी ठिपके. लहान असताना झुंडीनं पानाच्या मागे बसून हिरवं खरवडतात, मोठ्या झाल्या की मान पोखरत कंदात उतरतात, आणि मग कंद हातात घेतला तर लगदा. पाऊस सुरू झाला की दिवसाआड पान उलटून बघा. अंड्यांचा पुंजका दिसला की तेवढा तुकडा कापून साबणाच्या पाण्यात टाका. एवढ्यानं काम भागतं. अळी मानेत शिरल्यावर फवारणीचा काही उपयोग होत नाही.

वाण वाढवायचा तर बियांनी नाही, बी परपरागित असतं आणि रोप वेगळंच निघतं. पिल्लं आपोआप येतात, पण काही जुने वाण पिल्लं द्यायला कंजूष असतात. त्यांचा कंद चिरावा लागतो. वेळ डिसेंबर-जानेवारी, विश्रांतीत असताना. पावसाळ्यात हे करू नका, सगळं सडतं. निरोगी, घट्ट कंद घ्या, वाळकी साल नि मुळं काढा, वरचा एक तृतीयांश कापून टाका. धारदार सुरी प्रत्येक कापाआधी स्पिरिटमध्ये बुडवा, नाहीतर एका कंदाचा मोझेक विषाणू सगळ्यांना लागतो. पान पट्ट्यापट्ट्यांनी फिकट दिसत असेल तर तो कंद चिरूच नका. आता कंद उलटा धरून, तळाच्या चकतीतून उभे आठ काप. मग एकेका कापातले दोन-दोन पापुद्रे असे वेगळे करा, की प्रत्येक जोडीला चकतीचा तुकडा चिकटलेला राहील. तो तुकडा सुटला तर जोडीचा उपयोग नाही, कारण नवा कंद पापुद्रा आणि चकती यांच्या सांध्यातच धरतो. कार्बेन्डाझिमच्या द्रावणात अर्धा तास, मग तासभर सुकवणं. पिशवीत ओलसर वर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारा हलका खनिज चुरा, घाला, मुठीत दाबलं तर थेंब गळू नये इतकं ओलं. त्यात काप मिसळून तोंड बांधा नि अंधाऱ्या कपाटात ठेवा. दर आठवड्याला उघडून बुरसलेला काप काढून टाका. सहा ते आठ आठवड्यांत सांध्यात मोत्याएवढे कंद दिसतात. मग ट्रेमध्ये उथळ लावा. फूल यायला दोन-तीन वर्षं धरून चाला, आणि त्या काळात त्यांना विश्रांती देऊ नका, बारा महिने वाढू द्या.

हे सगळं सांगायचं कारण, आपल्या शहरात हे कंद रोगानं जितके जातात त्यापेक्षा जास्त पुनर्विकासात जातात. जुनी इमारत पाडली की कुंपणालगतची पट्टी डेब्रिसच्या ट्रकमध्ये जाते. तुमच्या सोसायटीची नोटीस निघाली असेल तर जागा रिकामी व्हायच्या आधी समितीला विचारून कंद काढा. हिप्पेस्ट्रमला टिचभर लांबून खणलं तर पुरतं, नागदवण्याची मान लांब असते, त्याला हातभर खोल जावं लागतं, आणि मोठा असेल तर दोघं लागतात. फूल नसताना काढत असाल तर आधीच्या मोसमातला फोटो कुणाकडे आहे का ते विचारा. फुलाच्या शेजारी पट्टी धरून काढलेला असेल तर उत्तम. नावपट्टीवर मार्करनं लिहिलेलं एका पावसाळ्यात जातं, तेव्हा शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर बॉलपेननं दाबून कोरा. वाण ठाऊक नसेल तर अंदाजानं नाव देऊ नका, कुठल्या गल्लीतून, कोणत्या महिन्यात काढला तेवढं लिहा. आणि प्रत्येक वाण निदान तीन घरांत ठेवा, त्यांतलं एक तरी तळमजल्यावरचं, जमिनीत लावता येईल असं.