खोकून दाखवा बरं

श्रोतेहो, नमस्कार.

माडावरून पडून मानेचा मणका मोडलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "पाय कधी हलणार?" मी फिजिओथेरपिस्ट. मी आधी म्हणते, "खोकून दाखवा बरं." मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूला मार बसलेल्यांचा जीव न्यूमोनियाने जातो, हे फार वेळा घडतं.

छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू म्हणजे श्वासपटल. त्याला हलवणारी नस मानेतल्या मज्जारज्जूच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते. मार त्याखाली असेल तर माणूस स्वतः श्वास घेतो, पण बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू लुळे पडतात. खोकताना जोर लावायचा तो पोटाने. तो जोरच गेला, की कफ आत साचत राहतो.

घरच्यांना एक गोष्ट उलटी वाटते. धाप लागली की आपण माणसाला उठवून बसवतो. इथे मात्र बसवल्यावर श्वास आणखी तोकडा होतो! पोटाची भिंत सैल पडलेली, त्यामुळे आतडी खाली-पुढे ओघळतात, श्वासपटल सपाट होतं आणि त्याला सरकायला वाव उरत नाही. आडवं केलं की ते पुन्हा वर येतं. म्हणून खुर्चीत बसताना पोटाला पट्टा बांधतात, बरगड्या मोकळ्या सोडून.

आता व्यायाम. उताणं निजवून पोटावर एक हलकी वही ठेवा. पोटाला स्पर्श कळत नसला तरी वही वर गेलेली डोळ्यांना दिसते. नाकाने सावकाश श्वास, वही वर. तोंडाने सोडायचा, वही खाली. दहा वेळा झालं की विसावा. ते जमलं की श्वासावर श्वास रचायचा: एक घ्या, सोडू नका, त्यावर दुसरा घोट, मग तिसरा. छाती भरली की खोका. त्याच क्षणी घरच्या माणसाने बेंबी आणि बरगड्यांच्या मध्ये तळवे ठेवून आत आणि वर दाब द्यायचा. हा दाब फिजिओथेरपिस्टकडून हातात हात घेऊन शिका, ऐकून करू नका. जेवणानंतर लगेच नको, मणका किंवा बरगडी अजून जुळत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

मधेच डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर व्यायाम थांबवा, पट्टा सोडा, माणसाला बसवा आणि लघवीची नळी दुमडली आहे का बघा. रक्तदाब एकदम चढल्याची ही खूण असते, म्हणून इथे मात्र बसवायचं. कारण सापडलं नाही, तर तडक दवाखाना गाठा.

आणि रोज सकाळी एका श्वासात मोठ्याने अंक मोजायला लावा. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. काल अठरापर्यंत गेलेला माणूस आज अकरावर अडखळला, तर ताप येण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नमस्कार.