समुद्राच्या काठावरचं पेव

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘आर्क्टिकचा ढासळता किनारा आणि समुद्रात जाणारा कार्बन’. त्यावर मी बोलणारच आहे, पण सुरुवात हरिपूरपासून करतो. पेव कुणी पाहिलंय? प्रत्यक्ष, डोळ्यांनी? चार-पाच हात वर आले, तेही सगळे पिकल्या केसांचे. म्हणजे बाकीच्यांना सांगायला हवं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं होती, माझ्या आजोळी ज्वारीचं होतं. भरून तोंड लिंपलं की आतली ज्वारी श्वास घेत राहते, ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किड्याला जगता येत नाही. म्हणून माल टिकतो. पेव उघडलं की आजोबा लगेच कुणाला उतरू देत नसत. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. मी सहा-सात वर्षांचा असेन. कंदील खाली गेला, ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि विझली. आजोबा म्हणाले, “अजून निघाला नाही.” काय निघाला नाही, ते मला पुढे कॉलेजात कळलं.

ती विझलेली ज्योत डोक्यात ठेवा. आता आपण सायबेरियाला जाऊ.

लेना नदी आर्क्टिक महासागराला मिळते, तिथे बिकोव्स्की नावाचं भूशिर आहे. १७९९ साली ओसिप शुमाखोव हा एवेंकी शिकारी हस्तिदंत शोधत तिथल्या किनाऱ्यावरून चालला होता. गोठलेल्या दरडीत त्याला एक वेडावाकडा ढेकूळ दिसला. पुढच्या वर्षी तो थोडा अधिक बाहेर आला होता. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एक कूस आणि एक सुळा उघडा पडला. तो मॅमथ होता, अख्खा. शुमाखोव घाबरला. असा मॅमथ ज्याला सापडला त्याचं सगळं घर मेलं, असं म्हातारी माणसं सांगत. तो आजारीही पडला, पण बरा झाला आणि मग त्याची नजर सुळ्यांवर गेली. तरी त्याने दरड खणली नाही, तो थांबला. १८०४ मध्ये ते धूड आपोआप घसरून खाली किनाऱ्यावर आलं, तेव्हा त्याने सुळे कापून विकले.

मिखाइल अ‍ॅडम्स हा शास्त्रज्ञ तिथे पोचला १८०६ मध्ये. तोवर मांस बरंचसं संपलं होतं. लांडग्याकोल्ह्यांनी ताव मारला होता आणि आसपासच्या याकुत लोकांनी ते आपल्या कुत्र्यांना खाऊ घातलं होतं. उरलेलं कातडं उचलायला दहा माणसं लागली, तीही मेटाकुटीला आली. तो सांगाडा आज सेंट पीटर्सबर्गच्या प्राणिसंग्रहालयात... नाही, चुकलो, प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात उभा आहे. प्राणिसंग्रहालयात असता तर तिकिटाला रांग लागली असती!

ही गोष्ट मी वीस वर्षं सांगत आलोय. मॅमथचं नवल म्हणून ती सगळीकडे सांगितली जाते. मला मात्र कुत्र्यांचं नवल वाटतं. त्या मांसाचं वय सुमारे पस्तीस हजार वर्षं होतं आणि कुत्र्यांनी ते खाल्लं! याचा अर्थ तो कार्बन जुना होता, पण मेलेला नव्हता. दगडी कोळसा कुत्रं खात नाही. हे खाण्याजोगं होतं, फक्त थंडीने झाकून ठेवलेलं.

दुसरी गोष्ट, ते पेव कुणी फोडलं? शुमाखोवने पाच वर्षं फावड्याला हात लावला नाही. उन्हाने आणि समुद्राने ती दरड फोडली.

आता जमिनीकडे येऊ. तिथे नुसती गोठलेली माती नाही. हिमयुगात तिथे गवताळ माळ होते. वाऱ्याने आणि पाण्याने आणलेली बारीक माती थरावर थर बसत गेली आणि गवताची मुळं कुजण्याआधीच गोठली. या थरांना येडोमा म्हणतात. थंडीने जमीन तडकते, तड्यात वसंतातलं पाणी शिरून गोठतं, दर वर्षी थोडं थोडं, आणि हजारो वर्षांत बर्फाच्या काही मीटर रुंदीच्या पाचरी तयार होतात. लाकडात सुतार ठोकतो तशी पाचर, खालच्या अंगाला निमुळती होत जाणारी. कित्येक ठिकाणी येडोमात आकारमानाने निम्म्याहून अधिक बर्फच असतो.

अशा दरडीला समुद्र भिडला की काय होतं? कोकणातला कातळ हजारो वर्षं लाटा झेलतो. इथे लाट खारं, त्या मानाने कोमट पाणी घेऊन येते आणि पायथ्याशी कपार कोरते. कपार आत आत जाते, वरचा भाग अधांतरी लोंबतो आणि मग पाचरीच्या रेषेवर चिरत खोलीएवढा ठोकळा गवतासकट समुद्रात पडतो. बर्फ वितळला की उरतो थोडा चिखल. पुढच्या लाटेला अडवायला पुळण तयार व्हावी एवढी वाळूच त्यात नसते.

पूर्वी या किनाऱ्याला राखण होती ती समुद्रावरच्या बर्फाची. बर्फ असला की लाट उठत नाही. आता उघड्या पाण्याचे दिवस वाढलेत आणि शरद ऋतूतली वादळं थेट दरडीवर येतात. अलास्कातल्या ड्रू पॉइंटचे आकडे बघा. १९५५ ते १९७९ या काळात किनारा वर्षाला सुमारे ७ मीटर मागे गेला, २००२ पर्यंत ९, २००७ पर्यंत १४ आणि त्यानंतरच्या दशकात १७. बिकोव्स्कीच्या शेजारच्या मुओस्ताख बेटाचं गेल्या साठेक वर्षांत सुमारे एक चतुर्थांश क्षेत्र गेलं.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा तर आत्ता कुठे येतोय! असो, भरभर सांगतो.

पर्माफ्रॉस्टमध्ये, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीत, एकूण १४०० ते १६०० अब्ज टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या सुमारे दुप्पट. किनाऱ्यावरून पडणारा वाटा त्यात लहान आहे. तो पाण्यात पडला की काही तळाशी गाळात पुरला जातो, काही प्रवाहाबरोबर दूर जातो आणि काही जिवाणू खातात. त्या कुत्र्यांची जागा आता जिवाणूंनी घेतली आहे. त्यांच्या श्वासातून तोच वायू निघतो, ज्याने आजोबांचा कंदील विझवला.

किती खातात यावरच सगळा वाद आहे. पूर्वी समजूत अशी की बहुतेक कार्बन तळाशी निमूट बसतो. २०१२ मध्ये सायबेरियाच्या किनाऱ्याबद्दल एक अंदाज आला. किनारा आणि उथळ समुद्रतळ मिळून वर्षाला सुमारे ४.४ कोटी टन कार्बन सुटतो आणि त्यातला दोन तृतीयांश हवेत जातो, असं त्यात होतं. इतर अंदाज याहून बरेच लहान आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कॅनडातल्या हर्शेल बेटावरची माती समुद्राच्या पाण्यात घालून थंडीत ठेवली, तर काही महिन्यांतच तिच्यातून भरपूर कार्बन डायऑक्साइड निघाला. याला दुसरी बाजूही आहे. नद्या आणि ढासळता किनारा यांनी आणलेल्या नायट्रोजनवर आर्क्टिकमधल्या वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, सुमारे एक तृतीयांश वाढ पोसली जाते, आणि प्लवक कार्बन शोषतात. म्हणजे समुद्राला मिळतंही आणि समुद्राचं जातंही.

माझी तक्रार हिशेबाबद्दल आहे. पृथ्वीच्या हवामानाची जी मोठी संगणकीय प्रारूपं आहेत, त्यांत किनारा ही न हलणारी रेघ असते. शाळेच्या नकाशात शाईने काढतो तशी. २०२४ मध्ये काही संशोधकांनी ती रेघ हलती धरून हिशेब मांडला. या शतकाच्या अखेरीस आर्क्टिक महासागर हवेतून जो कार्बन शोषतो, तो या ढासळण्यामुळे वर्षाला ४६ लाख ते १ कोटी ३२ लाख टनांनी कमी होईल, असं त्यातून निघालं. जगाच्या धुराड्यांतून वर्षाला हजार कोटी टन निघतो, त्यापुढे हे थोडं, मान्य. पण जो समुद्र आपला भार उचलतो त्याच्याच खांद्यावर हे पडतंय आणि आपण ते वहीत लिहीतही नव्हतो, याचं मला वाईट वाटतं. ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था गोव्यात, वास्कोला आहे. आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून आपलं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. इथे भूगोलाचे जे विद्यार्थी बसलेत, त्यांनी हा विषय हातात घ्यावा.

शेवटचं सांगतो. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं आणि हळद कुजली. अलास्काच्या उत्तर टोकाला उत्कियाविक गाव आहे. तिथले इनुपियाक लोक गोठलेल्या जमिनीत खोल खड्डे खणून त्यात देवमाशाचं मांस ठेवतात. वर लाकडी झडप, आत उतरायला शिडी. त्याला ते ‘सिग्लुआक’ म्हणतात, आपण पेवच म्हणू. त्यांतल्या काहींत आता पाणी भरतंय, काही खचलेत, काही किनाऱ्याबरोबर समुद्रात गेलेत. घरोघरी विजेचे फ्रीझर आलेत, पण त्यातल्या मांसाला ती चव नाही, असं तिथली मंडळी सांगतात.