इंका राज्याचा कर आणि यजमानपद

सभ्य श्रोतेहो, इंका राज्यात नाणे नव्हते आणि आपण जिला लिपी म्हणतो तशी लिपीही नव्हती. तरीही 1532 मध्ये स्पॅनिश सेनानी पिझारोची तुकडी काहामार्काला पोहोचली, तेव्हा इंकांची राजधानी कुस्को हिची सत्ता आजच्या दक्षिण कोलंबियापासून मध्य चिलीपर्यंत पसरलेली होती. हा डोलारा उभा होता तो लोकांच्या श्रमावर, आणि ते श्रम मागण्याच्या एका विशिष्ट रीतीवर.

त्या रीतीचे मूळ गावात, म्हणजे ‘आय्यू’ या भाऊबंदकीच्या गटात होते. जमीन आय्यूची असे आणि कुटुंबाच्या गरजेप्रमाणे कसायला मिळे. आज मी तुमच्या शेतात राबलो तर उद्या तुम्ही माझ्या शेतात यायचे, या परस्परफेडीला ‘आयनी’ म्हणत. आपल्याकडची सावड हीच. ज्याने माणसे बोलवायची त्याने त्यांना पोटभर जेवू घालायचे, हेही ओघाने आलेच.

राज्याने हाच शिरस्ता उचलला आणि फुगवला. कुटुंबांची मोजणी दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा गटांत होई, हिशेब ‘किपू’ म्हणजे दोऱ्यांच्या गाठींत राही आणि पाळी आलेली माणसे रस्ते, शेते व सैन्य यांसाठी ‘मिता’वर, म्हणजे पाळीने करायच्या राज्याच्या कामावर, जात. मात्र पाळीवर आलेल्याला खाऊपिऊ घालणे ही सम्राटाची जबाबदारी मानली जाई. वानुको पाम्पा या इंकांच्या प्रांतिक केंद्राच्या अवशेषांत हे स्पष्ट दिसते. तेथे टेकडीच्या उतारावर सुमारे 500 कोठारे रांगेने बांधलेली आहेत. त्यांतल्या गोल कोठारांत रांजणांमध्ये मका साठवीत, तर आयताकृती कोठारांत बटाट्यासारखे कंद. खाली, विस्तीर्ण चौकालगतच्या इमारतींत, मक्याची दारू करण्याच्या व वाढण्याच्या रांजणांची खापरे ढिगांनी सापडली आहेत. ती दारू गाळणाऱ्या आणि उंची वस्त्रे विणणाऱ्या ‘आक्या’ स्त्रियांना लहान वयातच घरातून निवडून नेलेले असे. त्यांच्या श्रमाची फेड कोणी कशी केली, हे विचारायला हवे.

म्हणूनच या व्यवस्थेला समाजवाद म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. ज्या शेतातले धान्य सम्राट वाढत होता, ते शेत याच लोकांनी कसलेले होते. पण देणे-घेणे विषम असले तरी यजमानपण टाळून हुकूम सोडण्याची सोय सम्राटाला नव्हती, आणि सत्तेवरचा हा अंकुश मला लहान वाटत नाही.

तो निघाल्यावर काय होते, हे 1570 च्या दशकात दिसले. तोवर हा प्रदेश जिंकलेल्या स्पेनचा व्हाइसरॉय (राजप्रतिनिधी) तोलेदो याने मिता हे नाव तसेच ठेवून ठरावीक प्रांतांतील प्रौढ पुरुषांचा सातवा हिस्सा दरवर्षी पोतोसीच्या चांदीच्या खाणींवर धाडण्याची पद्धत बसवली. त्यांना मजुरी मिळे, पण ती पोटाला पुरत नसे; शिधा गावाहून आणावा लागे आणि अनेकदा बायकामुलेही सोबत जात. पाळी चुकवायची तर गाव सोडून परागंदा होणे एवढाच मार्ग अनेकांना उरला. कायद्याने ही मिता बंद झाली ती 1812 मध्ये.