२५ मायक्रॉनचा काप

(दृश्य: काचपट्टीवर उंदराच्या मेंदूचा उभा काप. फिकट पेशींत जांभळे ठिपके.)

हा काप २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, केसाहूनही पातळ. जिथे जांभळा ठिपका आहे, त्या पेशीत एक ठरावीक जनुक चालू होतं. चालू म्हणजे त्याच्या आरएनए प्रती पेशीत निघत होत्या.

सिअॅटलच्या अॅलन इन्स्टिट्यूट फॉर ब्रेन सायन्सने सुमारे २० हजार जनुकांसाठी असे काप रंगवले. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी १० कोटी डॉलर घालून २००३ मध्ये ही ना-नफा संस्था सुरू केली. कोणतं जनुक मेंदूत कुठे चालू असतं, हे दाखवणारा उंदराचा हा नकाशा २००६ मध्ये पुरा झाला. तो कुणालाही फुकट पाहता येतो.

(दृश्य: गोठवलेला मेंदू, क्रायोस्टॅटचं, म्हणजे गोठलेल्या ऊतीचे काप घेणाऱ्या यंत्राचं, पातं.)

वीस हजार जनुकांची तुलना करायची, तर उंदीर सारखेच हवेत: एकाच वाणाचे नर, वय ५६ दिवस. मेंदू बाहेर काढला की घाई सुरू, कारण आरएनए तोडणारी विकरं सगळीकडे असतात, उघड्या बोटांवरसुद्धा. म्हणून तो लगेच गोठवतात. गोठायला वेळ लागला, तर बर्फाचे स्फटिक वाढतात आणि कापाची चाळणी होते.

दर आठवा काप एका जनुकाचा. आठ गुणिले २५, म्हणजे त्या जनुकाला दर २०० मायक्रॉनवर एक काप. मधले सात दुसऱ्या संचांत जातात. त्यामुळे उंदीर कमी लागतात. पण २०० मायक्रॉनहून लहान पेशीसमूह दोन कापांच्या मधे निसटू शकतो. ही काटकसर फुकट नाही.

आता प्रोब: जनुकाच्या आरएनएला जुळणारा उलटा धागा, त्यावर डिगॉक्सिजेनिन या रेणूची खूण. कापावर तो साठ अंशांहून थोड्या जास्त तापमानात काही तास राहतो. तापमान कमी पडलं, तर प्रोब भलत्याच आरएनएला चिकटतो आणि सगळा काप मळकट दिसतो. जास्त झालं, तर खरी जोडीही सुटते. खूण फारच पुसट असल्याने टायरामाइड या रसायनाने आधी ती वाढवतात, मग जांभळा रंग चढवतात. म्हणूनच गडदपणावरून आरएनएचं नेमकं प्रमाण काढायला जाऊ नये. आणखी एक फसवणूक म्हणजे घडी. काप दुमडला, तर तिथे रंग दुप्पट दिसतो आणि संगणक त्यालाही जनुकाची हालचाल समजू शकतो.

(दृश्य: मानवी मेंदूची त्रिमितीय प्रतिमा.)

माणसाच्या मेंदूत मुख्य पद्धत बदलली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दोन मेंदूंतल्या सुमारे ९०० जागांचे नमुने घेऊन त्यांतला आरएनए हजारो जनुकांचे प्रोब बसवलेल्या चिपवर मोजला. त्यात प्रमाण कळतं, पण एकेक पेशी दिसत नाही.

(दृश्य: पुन्हा उंदराचा काप. स्ट्रायटम गडद.)

हे डी-वन ग्राहीचं जनुक. ग्राही म्हणजे डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाला पकडणारं प्रथिन. मेंदूच्या खोलातला स्ट्रायटम हा भाग जांभळा, मध्यमेंदूतला सबस्टॅन्शिया नायग्रा हा भाग जवळपास कोरा. तरी डी-वन ग्राही नायग्रातही भरपूर आहेत. हे प्रथिन स्ट्रायटममधल्या पेशीच्या लांब शेपटीतून तिथवर पोचतं, आरएनए मात्र पेशीच्या अंगातच राहतो.