हात कुठे घालायचा?

(काळा पडदा. फक्त आवाज.)

"सिनेटमध्ये येऊ नकोस."
"मी सिनेटर राहावं की नाही, हे तुमच्या हातात आहे. पण आहे तोवर मला यायलाच हवं."
"बरं, ये. पण गप्प बस."
"मला मत विचारू नका, मी गप्प बसतो."
"मला विचारावं तर लागणारच."
"मग मलाही योग्य वाटेल ते बोलावं लागणारच."
"बोललास तर जीव जाईल."
"मी अमर आहे, असं तुम्हाला कधी म्हणालो? तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो."

(दृश्य: निकोपोलिसचे अवशेष.)

हुकूम देणारा रोमचा सम्राट वेस्पासियन. उत्तरं देणारा हेल्विडियस प्रिस्कस. आणि हा प्रसंग विद्यार्थ्यांना सांगणारा शिक्षक एपिक्टेटस, एकेकाळचा गुलाम, स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा तो रोम सोडून ग्रीसमधल्या या निकोपोलिसला आला आणि इथे शिकवू लागला. त्याने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. एरियन नावाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवलं, म्हणून त्याचे शब्द उरले.

त्या शब्दांतून तयार झालेल्या छोट्या पुस्तिकेची सुरुवात आज अनेकांना माहीत आहे: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. मत, इच्छा, नावड, पाऊल उचलण्याची प्रेरणा हातात. शरीर, मालमत्ता, नावलौकिक, पद हातात नाही.

या सुरुवातीचा फार सोयीस्कर अर्थ लावला जातो. युद्ध थांबवणं माझ्या हातात नाही, नदी स्वच्छ होणं माझ्या हातात नाही, कायदा बदलणं तर नाहीच. तेव्हा सोडून द्या. मला हा अर्थ पटत नाही, कारण हे शिकवणाराच शिक्षक हेल्विडियसचं नाव आदराने घेतो. सम्राटाने ऐकावं, जीव घेऊ नये, हे हेल्विडियसच्या हातात नव्हतं. बोलणं होतं. आणि ते त्याचंच काम होतं, कारण तो सिनेटर होता.

एपिक्टेटस कर्तव्याचा शोध इथूनच घ्यायला सांगतो. तू माणूस आहेस, जगाचा नागरिक आहेस. कुणाचा मुलगा आहेस, कुणाचा भाऊ. नगरसभेत असशील तर तिथला सभासद. यातल्या प्रत्येक नात्यासोबत एक काम येतं. म्हणजे एखादी मोहीम समोर आली की ती किती मोठी आहे, किती गाजते आहे, याआधी एक प्रश्न: मी जो कुणी आहे, त्याच्याकडे यातलं कुठलं काम येतं? नर्सकडे एक येईल, शिक्षकाकडे दुसरं, शेजाऱ्याकडे तिसरं. काही हाका अगदी खऱ्या असतील, तरी त्यातलं काम आपल्याकडे येत नसेल.

(दृश्य: लिहिणारा हात.)

पण आपल्या वाट्याची कामंही ढीगभर निघतात. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी गत व्हायला वेळ लागत नाही. इथे त्याच स्टोइक पंथाचा रोमन तत्त्वज्ञ सेनेका मदतीला येतो. मनःशांतीवरच्या लेखनात तो तीन गोष्टी तपासायला सांगतो: आधी स्वतःला, मग कामाला, मग ज्यांच्यासाठी किंवा ज्यांच्यासोबत ते करायचं त्या माणसांना. स्वतःला आधी, कारण आपण आपली ताकद आहे त्यापेक्षा जास्त धरून चालतो. भिडस्त माणूस सभेत कोमेजतो, संतापी माणूस वाटाघाटीत घात करतो. दोघांनाही कळकळ असते, जागा चुकलेली असते.

कामाबद्दल तो जे म्हणतो ते मला सर्वांत उपयोगी वाटतं. ज्याचा शेवट करता येईल, निदान तशी आशा धरता येईल, अशा कामाला हात घाला. जे करता करता पसरत जातं आणि ठरवलं तिथे थांबत नाही, ते सोडा. वर्षभर चालणाऱ्या बैठका आठवून पाहा, ज्यांतून फक्त पुढची बैठक निघते. आणि एका मुलाला वाचायला शिकवणं आठवून पाहा. मूल वाचू लागतं.

मग नकोच कशात पडायला? सेनेकानेच एपिक्युरियन आणि स्टोइक या दोन परंपरांमधला फरक नोंदवला आहे. पहिल्या पंथाचा संस्थापक एपिक्युरस म्हणतो, शहाणा माणूस सार्वजनिक कामात पडणार नाही, तसंच काही घडलं तर गोष्ट वेगळी. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो म्हणतो, तो पडेल, काही आडवं आलं नाही तर. शब्दांची नुसती अदलाबदल वाटते, पण कारण कुणी द्यायचं तेच बदलतं. झेनोच्या बाजूने उभं राहिलं की उत्तर बाजूला बसणाऱ्याने द्यायचं. राज्य सुधारण्यापलीकडे सडलेलं आहे, अंगात बळ नाही, प्रकृती साथ देत नाही, अशी कारणं सेनेका मान्य करतो. कंटाळा त्यात नाही.

(दृश्य: साखळदंड, संथ प्रकाश.)

आता जे या स्टोइक परंपरेला जमलं नाही, तेही सांगायला हवं. गुलामही माणसंच आहेत, असं सेनेकाने स्पष्ट लिहिलं. एपिक्टेटसने गुलामी अंगावर सोसली. तरीही गुलामी मोडून काढण्याची चळवळ स्टोइकांनी उभी केली नाही. ती त्यांना ऋतूंसारखी, जगाच्या रचनेचाच भाग वाटली असावी. मला हे फार लागतं. एका माणसाच्या हातात नसलेली गोष्ट हजारो हातांत असू शकते. एपिक्टेटसचा मूळ ग्रीक शब्दप्रयोगही 'माझ्यावर' असा नाही, 'आपल्यावर अवलंबून' असा अनेकवचनी आहे. त्याच्या मनात एकेकटा माणूस होता. पण कुठलीही हाक 'हातात नाही' म्हणून बाजूला सारण्याआधी मी आता हे अनेकवचन पुन्हा वाचते. मी एकटी काय करू, याच्यासोबतच कोण आधीच हात लावून उभं आहे आणि तिथे माझ्यासारखीची जागा आहे का, हेही विचारते.

(दृश्य: पुन्हा काळा पडदा.)

एकट्या हेल्विडियसने काय साधलं, हा प्रश्न एपिक्टेटसच्या शिकवणीतही येतो. त्याचं उत्तर: जांभळा धागा वस्त्राचं काय भलं करतो? तो उठून दिसतो आणि बाकीच्यांपुढे चांगला नमुना ठेवतो.

हेल्विडियसला आधी हद्दपार केलं, मग ठार मारण्याचा हुकूम निघाला. इतिहासकार सुएटोनियस लिहितो की वेस्पासियनला त्याला वाचवायचं होतं. मारेकऱ्यांना परत बोलावण्यासाठी त्याने माणसंही धाडली. पण तो आधीच मारला गेल्याची खोटी बातमी आली आणि सुटका राहून गेली.