बिग मामाची डरकाळी

१३ ऑगस्ट १९५२. लॉस एंजेलिसमधला 'रेडिओ रेकॉर्डर्स' स्टुडिओ. माइकसमोर उभी आहे पंचवीस वर्षांची, धिप्पाड बांध्याची विली मे थॉर्नटन. अलाबामातल्या धर्मोपदेशकाची ही मुलगी. चौदाव्या वर्षी घर सोडून फिरत्या कलापथकात शिरली. ड्रम आणि माउथ ऑर्गन कुणी शिकवले नाहीत, इतरांचं बघून-ऐकून तिने ते उचलले. जग तिला ओळखतं ते 'बिग मामा' या नावाने.

आजचं गाणं, 'हाउंड डॉग' (म्हणजे शिकारी कुत्रा), खास तिच्यासाठी रचलंय. रचणारे जेरी लीबर आणि माइक स्टोलर, दोघेही अवघे एकोणीस वर्षांचे. तिला गाताना पाहिलं आणि काही मिनिटांत गाणं तयार! फुकटचं गिळून बाहेर तोंड मारणाऱ्या पुरुषाला एक बाई कुत्रा म्हणत दारातून हाकलतेय, एवढीच गोष्ट.

थॉर्नटन आधी ते गोड, आळवून गाऊ लागली. लीबर म्हणाला, असं नाही, गुरगुरायला हवं. बँडप्रमुख जॉनी ओटिस स्वतः ड्रमवर बसला. आणि मग हे घडलं... ऐका.

ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोन नाही, पियानोसुद्धा नाही. तिच्या आवाजाला लपायला जागाच ठेवलेली नाही! पीट लुइसची गिटार तिच्या ओळीओळीला उत्तर देते. मधल्या तुकड्यात गिटार एकटी वाजते, तेव्हाही थॉर्नटन गप्प बसत नाही, ओरडून लुइसला चढवत राहते. शेवटी तर अख्खा बँड भुंकू लागतो. इतका मोकळा, इतका हक्काचा बाईचा राग त्या काळच्या रेकॉर्डवर क्वचितच ऐकू येतो.

१९५३ मध्ये ह्यूस्टनच्या 'पीकॉक' कंपनीने ही रेकॉर्ड काढली. 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज (कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत) यादीत ती सात आठवडे पहिली होती. थॉर्नटन पुढे सांगायची, हाती आला तो ५०० डॉलरचा एक चेक.

१९५६ मध्ये हेच गाणं रॉक अँड रोलचा गोरा तारा एल्विस प्रेस्लीने गायलं. लास वेगासच्या एका बँडने शब्द आधीच बदलले होते: पुरुष गेला, त्याच्या जागी ससा न पकडणारा खराखुरा कुत्रा आला. एल्विसचा जोश अफाट आहे, पण ज्याच्यावर रागवायचं तो माणूसच गाण्यात उरला नाही. जगाला माहीत झालं ते हेच रूप.

थॉर्नटन १९८४ मध्ये गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या संगीतातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, तिला जागा मिळाली २०२४ साली. फार, फार उशिरा. हे गाणं मात्र तिने कधी सोडलं नाही. १९६५ मध्ये लंडनला, बडी गाय (Buddy Guy) या ब्लूज गिटारवादकाच्या साथीने तिने ते पुन्हा रेकॉर्ड केलं. तेही जरूर शोधून ऐका.