याक किती उरलेत हे ठीक, पण वळू किती?

याकचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, किती उरलेत? तर 2019 च्या पशुगणनेत भारतात साधारण 58 हजार भरले, 2012 पेक्षा जवळपास 25 टक्क्यांनी कमी. वाईटच आहे. पण मला विचाराल तर या सगळ्यांचे बाप किती, हे आधी विचारायला हवं. कळपात पन्नास माद्या आणि वळू एकच, तोही त्याच कळपात जन्मलेला, तर ते पन्नास नुसते मोजायला पन्नास.

अरुणाचलात तवांग आणि पश्चिम कामेंग भागात ब्रोकपा लोक याक पाळतात, उन्हाळ्यात वरच्या कुरणात, थंडीत खाली. पूर्वी तिबेटातून वळू यायचे, 1962 नंतर सीमा बंद झाली आणि ते संपलं. मग काय, घरचाच वळू वापरायचा, पुढे त्याच्याच पोरी त्याला लागतात, आणि दोन-चार पिढ्यांत जनावर अंगाने बारीक, दूध कमी.

हे डीएनएत कसं बघायचं? मायक्रोसॅटेलाइट म्हणजे डीएनएतले असे तुकडे जिथे दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, सीए सीए सीए असं, कुणात पंधरा वेळा तर कुणात अठरा. प्रत्येक जनावराला एक प्रत आईची, एक बापाची. दोन्ही सारख्या असलेली जनावरं अपेक्षेपेक्षा जास्त निघाली की समजायचं, जवळच्या नात्यातच जनावरं लागतायत (बाकी कारणंही असतात, पण पहिला संशय हाच). आणि सोय बघा, गाईसाठी बनवलेले बरेच प्रायमर (तपासायचा डीएनएचा तुकडा नेमका पकडणारे छोटे डीएनए) याकलाही चालतात, दोघांचे क्रोमोसोमही साठच.

आता इथेच एक घोळ आहे. याक आणि गाईचा संकर सर्रास करतात. नर निघतो तो झो, कष्टाला दणकट पण वांझ. मादी झोमो, ती मात्र गाभण राहते आणि तिच्यामार्फत गाईचे जीन्स याकच्या कळपात शिरतात. मंगोलियातल्या याकमध्ये सरासरी 1.3 टक्के जीनोम (म्हणजे सगळ्या डीएनएतला वाटा) गाईचा सापडला, तिथल्या बिनशिंगी याकचं बिनशिंगीपणही गाईकडूनच आलेलं. म्हणजे विविधतेचा आकडा छान दिसला तरी लगेच खूश होऊ नका, ती गाईची उसनी असू शकते. मायटोकाँड्रियाचा (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे तोही तपासायचा, म्हणजे आईकडच्या वंशात मागे कुठे गाय होती का ते कळतं.

बरं, उपाय? अरुणाचलातच दिरांगला याकचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, 1989 पासून. कृत्रिम रेतन करता येतं, पण याकचा माज बऱ्याचदा मुका असतो, म्हणजे बाहेरून दिसतच नाही, हंगामही ठराविक, आणि गोठवलेल्या वीर्याचा नायट्रोजनचा कॅन घेऊन चार हजार मीटरवर वेळेत पोचणार कोण? म्हणून मला तरी वळूंची अदलाबदलच बरी वाटते, दर तीन-चार वर्षांनी, लांबच्या गावाशी, आणि दोन्ही वळूंच्या रक्तातला डीएनए आधी तपासून. शेजारच्या गावचा वळू बऱ्याचदा आपल्याच वळूचा भाऊ निघतो.